अनान्सेच्या गोष्टींतून घाना: लहान मुलांना आफ्रिकी कलेची ओळख कशी करून द्यावी

शाळेत किंवा सोसायटीत 'आफ्रिका'वर कार्यक्रम ठरला की पालकांच्या ग्रुपवर निरोप येतो: कागदी प्लेट, काळा स्केचपेन, लोकर, गवताच्या घागऱ्यासाठी क्रेप पेपर. मागे सिंह आणि जिराफाचं पोस्टर. तासाभरात मुलं शिकतात ते एवढंच की आफ्रिका नावाचा एक देश आहे आणि तिथली माणसं जंगलात मुखवटे घालून नाचतात. यापेक्षा कार्यक्रम न केलेला बरा.

मी आमच्या सोसायटीत चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी गोष्टींचा तास घेते. त्यात सगळ्यात जास्त वेळा 'पुन्हा सांग' अशी फर्माईश होते ती घानातल्या अनान्से नावाच्या कोळ्याच्या गोष्टींची. कापड, ठसे, लाकडी बाहुली हे सगळं या गोष्टींच्या पोटातून आपोआप बाहेर येतं, वेगळी माहिती द्यावी लागत नाही. 'आज आपण आफ्रिकन कला शिकूया' म्हणून सुरुवात केलीत तर पाच मिनिटांत निम्मी मुलं सोफ्याखाली असतील. आधी गोष्ट सांगा, वस्तू मागून येऊ द्या.

हाताशी काय हवं

- पृथ्वीगोल किंवा जगाचा नकाशा
- एक मातीचं मडकं, फुटलं तरी चालेल असं
- लांब काठी, सुतळी, केळीचं पान, वाळका भोपळा किंवा मोठा दुधी
- काळा कार्डपेपर, रंगीत घोटीव कागद, कात्री, गोंद
- बटाटे, काळा फॅब्रिक कलर, जुना कंगवा आणि जुन्या धोतराचे तुकडे (नव्या कापडाची खळ रंग धरू देत नाही)
- जाड पुठ्ठा, एक ओढणी
- सहा अंड्यांची दोन खोकी, ४८ चिंचोके किंवा सागरगोटे

१. खंड नको, एक ठिकाण निवडा

आफ्रिकेत ५४ देश आहेत. आशिया एका दुपारी शिकवायला आपण बसणार नाही, मग आफ्रिका का शिकवावी? मी घाना निवडते, त्यातही कुमासी शहर आणि त्याच्या आसपासचा आसान्ते लोकांचा मुलूख. कुमासीपासून थोड्या अंतरावर बोनवायर आहे, तिथे केंटे कापड विणतात. न्तोन्सोला कापडावर 'आदिंक्रा' या चिन्हांचे ठसे मारतात आणि आह्वियाला लाकडाचं कोरीवकाम चालतं. अनान्सेच्या गोष्टीही याच लोकांच्या. एवढ्या छोट्या टापूत सगळं मिळतं, त्यामुळे मुलांच्या डोक्यात एकच चित्र पक्कं बसतं.

गोलावर मुंबईवर बोट ठेवा, अरबी समुद्र ओलांडा, अख्खी आफ्रिका पार करा आणि पश्चिम किनाऱ्यावर थांबा. मुलांना बोटाने प्रवास करायला आवडतो. मग घानाची राजधानी अक्रा, तिथले आजचे दोन-चार फोटो दाखवा: ट्रॅफिक, गणवेशातली मुलं, फुटबॉलचं मैदान, मोबाईलचं दुकान. हे फोटो गोष्टीच्या आधी दाखवायचे. गोष्ट ऐकून झाली की मुलांच्या मनातला घाना कायमचा गोष्टीतला होऊन बसतो, मग फोटोंचा उपयोग होत नाही.

२. सांगण्याची रीत आधी समजून घ्या

या कोळ्याचं पूर्ण नाव क्वाकू अनान्से. कधी तो कोळी असतो, कधी माणूस, आणि गोष्टीत याचं स्पष्टीकरण कुणी मागत नाही. त्याची बायको आसो, मुलगा न्तिकुमा आणि वर आकाशदेव न्यामे. ही चार नावं आदल्या दिवशी मोठ्याने म्हणून जीभ वळवून घ्या. सांगणारा नावाला अडखळला की मुलांना नावच विनोदी वाटू लागतं आणि मग पुढचा तास त्यातच जातो.

आसान्ते ज्यांच्यातले एक, त्या आकान लोकांत या गोष्टी रात्री, दिवसाची कामं आटोपल्यावर सांगायची पद्धत होती. तेव्हा शक्य असेल तर सकाळचा वर्ग टाळा. दिवेलागणीनंतर, एखादा दिवा मंद करून बसा.

सुरुवातीला सांगणारा जाहीर करून टाकतो की आता जे सांगणार ते खरं आहे असं आमचं म्हणणं नाही. शेवटी म्हणतो, माझी गोष्ट गोड लागो न लागो, थोडी घेऊन जा आणि थोडी मला परत येऊ दे. या दोन्ही ओळी तुमच्या शब्दांत बसवा आणि दरवेळी त्याच वापरा. दुसऱ्या खेपेपासून मुलंच म्हणू लागतात.

आणि खरी गंमत म्हणजे 'मोगुओ'. गोष्ट चालू असताना ऐकणाऱ्यांपैकी कुणीही ती मध्येच थांबवून गाणं सुरू करतो, बाकीचे टाळ्या वाजवत साथ देतात, गाणं संपलं की गोष्ट पुढे सरकते. कीर्तनात बुवांनी श्वास घ्यावा आणि टाळकऱ्यांनी अभंग उचलावा, तसंच. एफुआ सदरलँड या घानाच्या लेखिकेने ही रीत आपल्या नाटकांत आणली, आणि १९६० च्या दशकात एकुम्फी-आत्विया या गावी फक्त गोष्टी सांगण्यासाठी एक घर उभं केलं, 'कोद्झिदान'. तुम्हाला घर बांधायचं नाही, पण एक चार ओळींचं साधं गाणं ठरवून ठेवा: 'कोळी चालला, कोळी चालला, आठ पायांनी कोळी चालला.' कंटाळा आला की मुलांनी हे सुरू करायचं. चुळबुळ करणाऱ्या मुलाला गप्प बसवण्यापेक्षा गाण्याचा अधिकार देणं फार सोपं जातं.

३. पहिली संध्याकाळ: शहाणपणाचं मडकं

ही सगळ्यात छोटी गोष्ट, म्हणून आधी हीच. अनान्से जगातलं सगळं शहाणपण गोळा करून मडक्यात भरतो आणि कुणाला मिळू नये म्हणून उंच झाडावर लपवायला निघतो. मडकं पोटावर बांधलेलं, त्यामुळे झाडाला हातपाय पोचत नाहीत. खाली उभा असलेला न्तिकुमा म्हणतो, बाबा, पाठीवर बांधा की! सगळं शहाणपण आपल्याकडे, तरी एवढं पोराला सुचलं आपल्याला नाही, या रागात मडकं निसटतं, फुटतं आणि शहाणपण जगभर उडतं.

मडकं खरोखर ओढणीने पोटावर बांधा आणि भिंतीवर चढायचा प्रयत्न करा. 'पाठीवर!' हे तुम्ही सांगायच्या आत कुणीतरी ओरडतं. ओरडलं नाही तर थांबा, ओरडेपर्यंत झटापट चालू ठेवा. मडकं फोडायचं असेल तर गोणपाटात गुंडाळून फोडा, खापऱ्या लागतात.

सापळा: आपल्याला इसापनीतीची सवय, त्यामुळे गोष्ट संपली की 'मग यातून काय शिकलो?' हे तोंडात येतंच. ते गिळा. अनान्से आदर्श नाही. तो लबाड, हावरट, आळशी आहे, कधी जिंकतो, कधी तोंडावर आपटतो. मुलांना तो आवडतो तो याचसाठी. तात्पर्य काढलं की तो शाळेतला धडा होतो.

४. दुसरी संध्याकाळ: आकाशदेवाच्या गोष्टी विकत घ्यायच्या

ही मुख्य गोष्ट. पूर्वी सगळ्या गोष्टी न्यामेच्या मालकीच्या होत्या. अनान्से त्या विकत मागायला गेला. न्यामेने किंमत सांगितली: ओनिनी अजगर, ओसेबो बिबट्या, मोबोरो गांधीलमाशा आणि मोआतिया ही रानातली बुटकी परी. आर. एस. रॅट्रे या ब्रिटिश अधिकाऱ्याने आसान्ते कथांचा संग्रह १९३० साली छापला, त्यात ही गोष्ट आहे. त्यात अनान्से किमतीवर वर म्हणून आपल्या म्हाताऱ्या आईलाही देऊन टाकतो. सहा वर्षांखालच्या मुलांसमोर मी हा भाग गाळते, कारण मग पुढचा सगळा वेळ 'आजीचं काय झालं' यावरच जातो.

युक्त्या बहुतेक आसोच्या असतात, हे विसरू नका. प्रत्येक संकटाला अनान्से घरी येऊन बायकोला विचारतो. सांगताना आसोला नीट आवाज द्या.

*अजगर:* अनान्से ताडाची फांदी आणि वेल घेऊन ओढ्याकाठी जातो आणि स्वतःशीच भांडतो, 'हा लांब!' 'नाही, फांदी लांब!' अजगर म्हणतो, घ्या मोजून. एका मुलाला अजगर करा, शेजारी काठी ठेवा आणि सुतळीने हलकेच गुंडाळत जा. कमरेच्या वर गुंडाळू नका, गळ्याजवळ तर अजिबात नाही. अजगर व्हायला रांग लागते, तेव्हा गोष्ट एकदाच सांगून सुटका नाही.

*गांधीलमाशा:* भोपळ्यातलं अर्धं पाणी पोळ्यावर ओतायचं, अर्धं स्वतःच्या अंगावर, डोक्यावर केळीचं पान धरायचं आणि म्हणायचं, पाऊस आलाय, या आत. माशा भोपळ्यात शिरतात आणि तोंड बंद. मुलांनी गुणगुणत टेबलाखाली शिरायचं. भोपळा म्हटला की कुणीतरी म्हातारीची टुणुक टुणुक काढणारच. काढू द्या, तोही मोगुओच.

*बिबट्या:* वाटेवर खड्डा, वर फांद्या. हा भाग भराभर उरका. पुणे-नाशिककडच्या मुलांना विहिरीत पडलेला बिबट्या बातम्यांतून माहीत असतो, वनखात्याची माणसं कधी आली याची चौकशी सुरू होते.

*परी:* अनान्से लाकडाची बाहुली कोरतो, तिला झाडाचा चीक फासतो, हातात कुस्करलेलं कोनफळ ठेवतो आणि मान हलवायला दोरी बांधतो. मोआतिया खाते, आभार मानते, बाहुली बोलत नाही. रागावून थप्पड मारते आणि हात चिकटतो. दुसरा हात चिकटतो. मग पाय. कोकणातल्या मुलांना फणसाचा चीक आठवा एवढंच सांगा, बाकी समजावं लागत नाही. कोनफळ उकडून, कुस्करून, मीठ घालून वाटीभर द्या. घानात अशा कुस्करलेल्या कोनफळाला किंवा केळ्याला 'एतो' म्हणतात, त्यात लालसर पाम तेल घालतात आणि सोबत उकडलेलं अंडं देतात.

न्यामे किंमत स्वीकारतो आणि त्या दिवसापासून या गोष्टी अनान्सेच्या होतात. आकान लोक आजही लोककथेला 'अनान्सेसेम' म्हणतात, कोळी त्या गोष्टीत असो वा नसो.

५. जाळ्यातून कापड: केंटे

बोनवायरमध्ये सांगतात की दोन मित्र रानात गेले, त्यांनी कोळ्याला जाळं विणताना पाहिलं आणि घरी येऊन तसं विणून बघितलं. तेच केंटे. मुलांना कोळी आधीच ओळखीचा झालेला असतो, त्यामुळे इथे वेगळी प्रस्तावना लागत नाही.

कापड विणताना दाखवणारा एखादा व्हिडिओ जरूर लावा, आवाज बंद करून. विणकर बसलेला असतो आणि ताण्याचे धागे त्याच्यासमोर अंगणभर लांब पसरलेले असतात, पलीकडच्या टोकाला दगडाचं वजन ठेवून ताणलेले. पायाच्या बोटांत दोऱ्या धरून तो धागे वरखाली करतो. आणि विणतो काय, तर हाताच्या पंजाएवढी, साधारण १० सेंटीमीटर रुंदीची पट्टी! अशा कितीतरी पट्ट्या शेजारीशेजारी शिवल्या की अंगभर पांघरायचं कापड होतं. परंपरेने हे काम पुरुषांचं. नक्षींना नावं असतात; 'आद्विनासा' या नक्षीत विणकराने आपल्याला येत असलेल्या सगळ्या नक्ष्या वापरून टाकलेल्या असतात. घानातल्याच एवे लोकांचंही स्वतःचं केंटे आहे, त्यात माणसं, प्राणी, वस्तू विणलेल्या दिसतात. २०२४ मध्ये युनेस्कोने घानाच्या केंटे विणकामाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

करायचं असं:

काळ्या कार्डपेपरची ४० बाय १० सेंटीमीटरची पट्टी कापा. दोन्ही टोकांना बोटभर जागा सोडून मध्ये चार-पाच उभ्या चिरा तुम्ही आधीच पाडून ठेवा (मुलांकडून ब्लेड नको). पिवळ्या, हिरव्या, तांबड्या कागदाच्या बोटभर रुंद फिती आडव्या, एकीखाली-एकीवरून ओवायच्या. दुसरी ओळ उलट सुरू करायची, इथेच सगळे अडकतात. 'पहिला लपला, दुसरा दिसला' असं म्हणत ओवलं की जमतं. पाच वर्षांखालच्यांना तीन चिरा पुरतात.

सगळ्यांच्या पट्ट्या झाल्या की मागून चिकटपट्टीने जोडा. प्रत्येकाची वेगळी पट्टी घरी देऊ नका. जोडलेलं मोठं कापड भिंतीवर लागलं की मुलांना खऱ्या केंटेची बांधणी न सांगता कळते. घरी काय न्यायचं यावरून रडारड होते, म्हणून ठसे शेवटच्या दिवशी ठेवा, ते घरी न्या म्हणावं.

६. भोपळ्याचे ठसे: आदिंक्रा

न्तोन्सोचे कारागीर वाळक्या भोपळ्याच्या कवचाचे तुकडे कोरून ठसे करतात. एका झाडाची साल कुटून, भिजवून, डांबरासारखी दाट होईपर्यंत उकळून काळी शाई तयार होते. लाकडी फणी शाईत बुडवून कापडावर आधी चौकटी आखतात आणि मग चौकटीत ठसे. मूळचं हे दुखवट्याचं कापड; आता आनंदाच्या प्रसंगीही वापरतात. मुलांनी विचारलं तर हे सरळ सांगा, मुलांना त्याचा काही धक्का बसत नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये १८१७ साली कुमासीहून मिळवलेलं आदिंक्रा कापड आहे, त्याचा फोटो दाखवता येईल.

आपण बटाटा अर्धा कापायचा, कोरडा पुसायचा (ओल्या बटाट्याने रंग पसरतो) आणि कोरायचं काम मोठ्यांनी करायचं. तीनच चिन्हं पुरेत: आकोमा म्हणजे हृदय, अनान्से न्तोन्तान म्हणजे कोळ्याचं जाळं आणि साँकोफा, मान मागे वळवून पाहणारा पक्षी. पक्षी कोरताना ठसा उलटा उमटतो हे ध्यानात घ्या. जुन्या कंगव्याने चौकटी मुलांनाच आखू द्या, तेच त्यांना सगळ्यात आवडतं. चिन्हांचे अर्थ एकदा सांगा आणि सोडून द्या, पाठांतर नको.

७. वेळ उरला तर

*बाहुली:* परीला चिकटवणारी बाहुली कशी होती, असं कुणी विचारतंच. आकुआबा दाखवा: ताटासारखं गोल चपटं डोकं, वळ्यांची मान. आकुआ नावाच्या बाईला मूल होत नव्हतं, तिने पुजाऱ्याच्या सांगण्यावरून लाकडी बाळ करून पाठीवर वागवलं, लोक हसले, पुढे तिला खरोखर मुलगी झाली, अशी कथा आहे. पुठ्ठ्याची बाहुली कापून ओढणीने पाठीशी बांधा. मुलगेही आनंदाने बांधून घेतात.

*वारांची नावं:* आकान लोकांत बाळाला जन्मवारावरून नाव मिळतं. रविवारपासून मुलग्यांची: क्वासी, क्वाद्वो, क्वाबेना, क्वाकू, याव, कोफी, क्वामे. मुलींची: आकोसुआ, आद्वोआ, आबेना, आकुआ, या, आफुआ, आमा. म्हणजे अनान्से बुधवारचा, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारचे आणि घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. पालकांकडून वार आधीच मागवून ठेवा.

*ओवारे:* हा दोघांनी खेळायचा बियांचा खेळ. अंड्यांची खोकी एका रेषेत ठेवली की सहा-सहा खळग्यांच्या दोन ओळी होतात. प्रत्येकात चार बिया. एक खळगा उचलायचा आणि पुढे एकेक बी टाकत जायचं. शेवटच्या बीने समोरच्याच्या खळग्यात दोन किंवा तीन बिया झाल्या तर त्या आपल्या. सात वर्षांपुढच्यांसाठी ठीक. घानात यासाठी वापरतात ते सागरगोटेच, तेव्हा आजीकडे असतील तर मागून घ्या.

८. मुलं (आणि मोठी माणसं) काय विचारतील

'ते काळे का असतात?' हा प्रश्न येणारच. दटावू नका. आपल्या खोलीतच किती रंगांची माणसं आहेत, ऊन जास्त असलेल्या प्रदेशात पिढ्यानपिढ्या राहिल्याने कातडीत रंगद्रव्य जास्त असतं, एवढं पुरतं. खरी अडचण मागच्या खुर्च्यांवर असते. एखादे आजोबा सहज 'हबशी' म्हणून जातात. इतिहासाच्या पुस्तकात तो शब्द भेटतो, पण आज माणसाला उद्देशून तो अपमानच आहे. मुलांसमोर शांतपणे 'घानाचे लोक' असं दुरुस्त करा. तोंडाला काळं फासून 'आफ्रिकन' करणं, गवताचे घागरे, हे कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. मुखवटेही नकोत. ते त्या-त्या समाजाच्या विधींचे असतात आणि आसान्ते लोकांत ती मोठी परंपराही नाही.

अनान्से जमैकातही आहे. का, असं विचारलं तर लहानांना सांगा, माणसांना जबरदस्तीने जहाजात घालून समुद्रापार नेलं आणि त्यांनी गोष्टी सोबत नेल्या. आठ वर्षांच्या पुढे गुलामगिरी हा शब्द वापरा आणि घानाच्या किनाऱ्यावरचा एल्मिनाचा किल्ला नकाशावर दाखवा. पोर्तुगिजांनी तो १४८२ मध्ये बांधायला घेतला, गोवा घेण्याच्या २८ वर्षं आधी.

९. आपल्याकडचे दुवे, पण सांभाळून

गोरखचिंच आफ्रिकेतून आलेलं झाड आहे, उत्तर घानात ते ठिकठिकाणी दिसतं. मुंबईत राणीच्या बागेत जाऊन त्याच्या बुंध्याला मुलांनी हात धरून विळखा घालून पाहावा, सहल वसूल होते.

मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी मात्र या गोष्टींत घुसडू नका. मलिक अंबर इथिओपियाकडचा, म्हणजे खंडाच्या दुसऱ्या टोकाचा. केंटेशी त्याचा संबंध नाही. त्याने १६१० मध्ये वसवलेलं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि त्या विषयाला स्वतंत्र संध्याकाळ लागते. तो आठ वर्षांपुढच्यांसाठी ठेवा आणि सोबत उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका शिवतात त्या कवंदी गोधड्या दाखवा. मध्ये महिना-दोन महिने जाऊ द्या, म्हणजे दोन्हींची खिचडी होत नाही. त्या मधल्या काळात मुलं अनान्सेच्याच गोष्टी पुन्हा मागतील, तेव्हा सुतळी आणि काठी टाकून देऊ नका.